लाईट लावा, मला बोलायचंय

माझी माय हल्ली कुणाशीही बोलायच्या आधी उजवा हात पुढे करते. तळहात वर, बोटं सैल. गल्लीत भाजीवाला आला की ती ओट्यावरूनच हात पुढे करते आणि विचारते, "मेथी कशी दिली?" भाजीवाला गुजराती, मनाने चांगला. त्याला वाटतं म्हातारी वर काहीतरी फुकट मागतेय. "लो माजी" म्हणत तो तिच्या हातावर मिरच्या ठेवतो. मायचं डोकं फिरतं. "मी काय भीक मागते का रे?" म्हणून ती मिरच्या भिरकावते आणि त्यातल्या निम्म्या गटारात जातात. देवळात त्याच हातावर कुणीतरी साखरफुटाणे ठेवतं. माझ्या मुलाला वाटतं आजी टाळी मागतेय. तो सणसणीत टाळी देतो आणि शिव्या खातो.

मी एकदा, तिला बरं वाटेल म्हणून, त्या तळहातावर बोट टेकवलं. तिने चटका बसल्यासारखा हात मागे घेतला. "तू बहिरी आहेस का?" म्हणाली. "नाही ना? मग?" त्यानंतर दिवसभर ती माझ्याशी बोलली नाही. चूक माझीच होती असं मी म्हणणार नाही, पण मला फार वाईट वाटलं. त्या हाताचं सांगायचं तर आबांच्या कानांपासून सांगावं लागेल.

आबा म्हणजे माझे वडील. गाव खानदेशात, तापीकाठी. तरुणपणी मायला घेऊन सुरतेला आले ते कायमचेच. भेस्तानला घर, आणि काम कडोदऱ्याच्या एका खात्यात. यंत्रमागाच्या कारखान्याला इथे सगळे खातंच म्हणतात. खात्याच्या दारात उभं राहिलं तरी छाती थडथड हलते. आत माणसं एकमेकांशी तोंडाने बोलतच नाहीत. ओठ हलवतात आणि हात वापरतात. दोन बोटं जुळवून फाकवली की दोरा तुटला. अंगठा तर्जनीवर घासला की गाठ मार. मूठ पुढे ढकलली की माग चालू कर. आबांनी उमेदीची सगळी वर्षं अशी हातवाऱ्यांत आणि ओठांकडे बघण्यात काढली. कानात कधी कापसाचा बोळा घातला असेल तेवढाच.

कान गेले तेही एकदम नाही. आधी कुकरची शिटी गेली. मग दारावरची घंटी. मग मी गेले. म्हणजे माझा आवाज. मामा आले की त्यांचं जाडंभरडं बोलणं आबांना समजायचं, माझं नाही. मी शाळेतलं काही सांगत असले की ते दुसरीकडेच बघायचे. मला वाटायचं, मी मुलगी म्हणून यांना माझं कौतुक नाही. कितीतरी वर्षं मी हा राग पोटात घेऊन फिरले. पुढे कानाच्या डॉक्टरांनी सांगितलं की गोंगाटाने आधी बारीक आवाज जातात, बायकांचे आणि पोरांचे. आवाज येतो, पण शब्द सुटे होत नाहीत. हे मला तेव्हाच कुणी सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं?

मशीन घेतलं कानाचं. आबांनी ते आठवडाभर घातलं आणि डबीत ठेवून दिलं. म्हणाले, "पत्र्यावर दगड पडतात नुसते." काम सुटल्यावरसुद्धा त्यांच्या कानात घूं घूं चालूच असायची. मी म्हणायचे, आबा, तुम्ही घरी आलात, पण खातं तुम्हाला सोडायला तयार नाही. हे मी त्यांच्यासमोर बसून, ओठ नीट हलवून म्हणायचे, आणि ते हसायचे.

मायचं आणि त्यांचं मात्र कधी अडलं नाही. नवी नवरी असताना ती डबा घेऊन खात्यावर जायची. दाराशी उभं राहून त्या सगळ्या खुणा तिने उचलल्या. घरात दोघं ओठांवरच बोलायचे. आवाज न काढता भांडायचेसुद्धा. नुसती तोंडं हलतायत, हात नाचतायत, आणि मी मध्ये बसून जेवतेय! शेजारीण म्हणायची, तुमच्या घरात बाई किती शांतता. शांतता कसली, कपाळ!

माय घरी साड्यांवर टिकल्या चिकटवायची. माल देणारी बाई गठ्ठा आणून टाकायची आणि माय गोंदाची बाटली घेऊन बसायची. तिचा हात इतका बसला होता की ती टिकल्या लावता लावता मालिकेतल्या सुनेला शिव्या घालायची. एका उन्हाळ्यात माल देणारी बाई साडी परत घेऊन आली. मधली फुलं भरलेली, कडेची कोरी. "मावशी, किनार कोण भरणार?" माय तिच्याशी कडाकडा भांडली. मग उंबऱ्याला ठेच लागायला लागली. ताटाशेजारचा पाण्याचा पेला रोज कलंडायचा. दाराच्या चौकटीला खांदा आपटायचा. समोर धरलेली सुई मात्र ती व्यवस्थित ओवायची, म्हणून आम्ही म्हणायचो, डोळे काय वाईट नाहीत हिचे, धांदरट झालीय नुसती.

आमच्याकडे सगळ्यांना एकच आजार माहीत, मोतीबिंदू. आणि त्याचा उपायही सगळ्यांना पाठ. गावाकडे हिवाळ्यात, कापूस वेचून झाला की डोळ्यांचं शिबिर लागायचं. म्हातारी माणसं हिरव्या पट्ट्या बांधून परत यायची. ज्याचा मोती कच्चा, त्याला सांगायचे पुढच्या वर्षी ये. त्यामुळे डोळ्याचं काही झालं की आमची माणसं एकच बोलतात: पिकू दे. उन्हाळ्यात डोळ्याला हात लावू नये, चिघळतो, हेही आलंच. मामी म्हणाली पिकू दे. गल्लीतल्या सगळ्या खानदेशी बायका म्हणाल्या पिकू दे. मायला तर हे फारच पटलं, कारण लग्नसराईचा माल आला होता. ती म्हणाली, "दिवाळी होऊ दे, थंडी पडली की काढून टाकू." असं करत एक दिवाळी गेली, मग दुसरी.

शेवटी एका हिवाळ्यात आम्ही तिला डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं, ते अगदी पिशवीत सतरंजी आणि चार दिवसांचे कपडे घेऊन, ऑपरेशनच्या तयारीने. डॉक्टरीणबाईंनी बराच वेळ बघितलं. मग म्हणाल्या, "बेन, आ मोतियो नथी. झामर छे." मराठीत काचबिंदू. मला तो शब्द माहीत होता, मी शिक्षिका आहे, पण अर्थ माहीत नव्हता. त्यांनी समजावलं. डोळ्यात आत दाब वाढतो आणि नस मरत जाते. आजूबाजूचं आधी जातं, मधलं शेवटी. मधलं दिसत राहतं म्हणून माणसाला पत्ता लागत नाही. यात पिकायची वाट बघायची नसते. गेलं ते परत येत नाही. उरलेलं सांभाळायला थेंब देते.

मायने सगळं ऐकून विचारलं, "म्हणजे आज काढणार नाही?" मी आबांकडे बघितलं. आबांनी बाईंचे ओठ वाचायचा प्रयत्न केला होता, पण गुजराती त्यांना ओठांवर नीट वाचता येत नसे. त्यांनी मला भुवया उडवून विचारलं, काय? मला खुणेने सांगता येईना. खात्यात डोळ्यांसाठी खूणच नव्हती. मी दोन बोटं जुळवली आणि फाकवली. दोरा तुटला.

थेंब टाकत राहिलो. पण फार उशीर झाला होता. उरलेलंही कणाकणाने जात राहिलं आणि एक दिवस माय म्हणाली, "आज कुणी खिडकी उघडली नाही का?" खिडकी उघडी होती, चांगलं ऊन आत आलं होतं.

आता गंमत बघा. गंमत म्हणते, पण रडू येतं मला. आबांना ऐकू येत नाही, मायला दिसत नाही. मायने बोलावं, आबांनी ओठ बघावेत, इथपर्यंत ठीक. पण ते बघतायत की नाही हे तिला कसं कळणार? सुरुवातीला ती बोलत सुटायची. एकदा तिने भावाकडच्या लग्नातलं सगळं रामायण सांगितलं, कोण रुसलं, कोणी कुणाला साडी नेसवली. शेवटी विचारलं, "बरोबर ना?" आबा केव्हाच उठून नळावर गेले होते. मी पोचले तेव्हा ती भिंतीला पाठ लावून रडत होती. "मी भिंतीशी बोलते गं," म्हणाली. "भिंत तरी बरी, जागची हलत नाही."

आबांनी बोलून बघितलं. पण त्यांना स्वतःचाच आवाज ऐकू यायचा नाही, त्यामुळे ते मागापलीकडच्या माणसाला हाक मारावी तसे बोलायचे. एकदा मायला सांगितलं, समोरचीने दिलेली आमटी खाऊ नको, आंबलीय. ते अख्ख्या गल्लीने ऐकलं, समोरचीनेसुद्धा. दोन महिने अबोला! त्यानंतर आबांनी तोंड मिटलं ते मिटलंच.

मग मायनेच रीत काढली. बोलायच्या आधी ती हात पुढे करायची आणि विचारायची, "देखी ऱ्हायनात का?" म्हणजे बघताय ना? आबांनी तळहातावर एकदा बोट टेकवायचं: बघतोय. मग ती बोलायची. उत्तराला एकदा बोट म्हणजे हो, दोनदा म्हणजे नाही. बस्, एवढंच. एवढ्यावर त्यांचा संसार पुन्हा चालू झाला. मायची बोली अहिराणी, मी इथे बहुतेक मराठीत लिहिते. तिला कळलं तर म्हणेल, शिकली आणि जीभ विकली.

आणि एक होतं. दिवेलागणीला आबांना ओठ दिसायचे नाहीत, मग ते तिच्या हातावर दोनदा बोट टेकवायचे. की माय घरात जो असेल त्याला ओरडून सांगायची, "लाईट लावा, मला बोलायचंय!" हिला काय लाईटचं? पण बटणाचा आवाज झाला की तिचा चेहरा खुलायचा. आमच्या गल्लीतली पोरं तिला चिडवायची, आजी, लाईट आहे का बघ ना. ती म्हणायची, मेल्यांनो, तुमच्या आजोबांना विचारा, त्यांचे कान माझ्या तोंडावर आहेत.

काही वर्षं बरी गेली. मग आबा तिला खिडकीशी ओढून बसवायला लागले. मग अगदी गुडघ्याला गुडघा लावून. मग तेही बंद झालं. ते लांबच बसायचे आणि हात तेवढा तिच्या हातावर ठेवायचे. ती बोलली की बोट टेकवायचे. दर वेळी एकदाच. हो, हो, हो.

एका सकाळी मी पापडीच्या शेंगा सोलत होते. माय म्हणाली, "पोरी, तुझा बाप मला नुसता हो हो करतो. तू आता गंमत बघ." तिने हात पुढे केला. "देखी ऱ्हायनात का?" बोट टेकलं. मग ती ओठ सावकाश, ठसठशीत हलवत म्हणाली, "आज मी मेले तर चालेल का?"

आबा हसले. प्रेमाने हसले. आणि एकदा बोट टेकवलं.

माय खो खो हसली. "बघ, चालतंय म्हणे!" मीही हसले. पण तिचं हसू मध्येच मोडलं. तिने हात काढून घेतला, पदराखाली ठेवला आणि म्हणाली, "याला दिसत नाही गं. माझं बोलणं कुठंच जात नाहीये." आबा माझ्याकडे, मग तिच्याकडे बघत राहिले. त्यांच्या दोन्ही बुबुळांवर ताकासारखं पांढुरकं होतं. ते मला आत्तापर्यंत दिसलं नव्हतं.

हा खरोखरच मोतीबिंदू होता. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, साधं ऑपरेशन, दुसऱ्या दिवशी दिसेल. मी शाळेतली पाटी आणली, खडूने हातभर अक्षरं काढली: मोती आहे. काढायचा. आबांनी पाटी नाकाला लावून वाचली आणि कितीतरी दिवसांनी तोंडाने बोलले. ओरडलेच. "तिचे डोळे तिथंच गेले! थोडं दिसतं ते पण घालवू?" त्यांच्या लेखी तो दवाखाना म्हणजे डोळे परत न मिळणारी जागा. मी पाटीवर लिहिलं, तिचा आजार वेगळा. त्यांनी पाटी उलटी करून ठेवली. मी भडकले, रडले, पाया पडले. अहो आबा, उजेड अंधार तरी कळतोय तोवर ऐका! कुणाला सांगतेय मी? त्यांना ना माझं ऐकू येत होतं, ना माझे ओठ दिसत होते.

माय उठली. चाचपडत त्यांच्याजवळ गेली आणि जमिनीवर बसली. त्यांचा हात घेतला, उलगडला. त्यांच्या तळहातावर तिने आपली दोन बोटं जुळवून ठेवली आणि फाकवली. दोरा तुटला. मग त्यांचाच अंगठा धरून त्यांच्याच तर्जनीवर घासला. गाठ मार. मग त्यांची मूठ मिटली आणि पुढे ढकलली. माग चालू कर. एवढं करून ती थांबली. मग आबांनी तिच्या तळहातावर एकदा बोट टेकवलं. या वेळी समजून. माय लगेच माझ्याकडे तोंड करून म्हणाली, "उद्याच ने. थंडीबिंडीची वाट बघू नको."

पट्टी सुटली त्या दिवशी आबा काळा चष्मा लावून रिक्षातून उतरले आणि तडक घरात आले. माय खिडकीकडे तोंड करून बसली होती. त्यांना आता आपलं तोंड दिसत नाही म्हटल्यावर तिने त्यांच्याकडे वळणं सोडूनच दिलं होतं. आबांनी चष्मा काढला. काढू नका सांगितलेलं, पण ऐकतंय कोण. तिची हनुवटी धरून चेहरा आपल्याकडे वळवला आणि बघत बसले. किती म्हातारी झालीस, असं काहीतरी त्यांच्या ओठांवर आलं. त्यांनी आवाज काढला नाही, म्हणून तिला ते कधीच कळलं नाही. तिने हात पुढे केला. बोट टेकलं. आणि ती बया म्हणते काय, "आज मी मेले तर चालेल का?"

आबांनी दोनदा बोट टेकवलं. मग पुन्हा दोनदा. मग तिने हात ओढून घेईपर्यंत टेकवतच राहिले. "पुरे, पुरे," माय म्हणाली, "चाळण कराल हाताची." ती इतकी लाजली होती की मी चहा टाकायला आत गेले.

त्यानंतर त्यांना एक हिवाळा आणि एक उन्हाळा मिळाला. मायने सगळं साठलेलं बोलून घेतलं. मी दोन घरं पलीकडे राहते, शाळेत जाता-येता डोकावायची. कायम तेच दृश्य. हिची अखंड बडबड, आणि ते समोर बसून तोंडाकडे बघतायत.

पाऊस लांबलेला होता तेव्हाची गोष्ट. शाळा सुटल्यावर मी आले तर माय चिडलेली. हात पुढे केलेला, तसाच. "बघ तुझा बाप. कधीची विचारतेय, बघतच नाही माझ्याकडे. झोपलाय का? आधी म्हणे दिसत नाही, आता दिसतं तर माझं तोंड नको झालं याला." आणि त्यांच्याकडे वळून पुन्हा, "देखी ऱ्हायनात का?"

आबा खुर्चीत होते. मान जराशी कलली होती. डोळे उघडे होते, तिच्याच तोंडाकडे लागलेले. मी जवळ गेले. हात गार होता.

माय म्हणाली, "काय गं? बघतोय का?"

मी म्हणाले, "हो माय. बघतायत." आणि मग माझा बांध फुटला, तेव्हा तिला कळलं.

माणसं जमली, बायकांनी गळे काढले. माय रडली नाही. न्यायची वेळ झाली तेव्हा म्हणाली, "त्यांचा हात कुठाय?" मी तिचा हात धरून आबांच्या हातावर ठेवला. तिने त्यांची बोटं एकेक करून उलगडली. आबांनी तिला कधी काही विचारलं नव्हतं, विचारायची तीच. पण तिने त्यांच्या तळहातावर दोनदा बोट टेकवलं. मग थांबून पुन्हा दोनदा. आलेल्यांना वाटलं, म्हातारी चाचपून बघतेय. ती म्हणाली, "न्या आता."

संध्याकाळी घरात आम्ही दोघीच उरलो. बाहेर अंधारून आलं होतं. सवयीने मी उठले आणि ट्यूबचं बटण दाबलं. त्या आवाजाने मायने मान वर केली.

"राहू दे," ती म्हणाली. "मला काही बोलायचं नाहीये."

मी लाईट बंद केली आणि तिच्याजवळ जाऊन बसले.